सव्वापाच मीटर

उचगाव फाट्यावर आमचं यार्ड.
पत्र्याखाली एकोणतीस गाड्या, त्यातल्या सव्वीस उंच,
छाती काढून उभ्या, तालमीतून आत्ताच आल्यासारख्या.
दोन बारक्या.
आणि ही एक. सव्वापाच मीटर, काळी, आडवी पहुडलेली.
अकरा महिने झाले,
दोघींची जागा एकटी अडवून बसलीय.

मालक म्हणतो, दस्तगीर, हलव तिला.
कुठं हलवू?
नवी होती तेव्हा तिच्या पैशात
शिरोलीला एक शेड उभी राहिली असती, भट्टीसकट.
आता एखाद्या मध्यम उंच गाडीचा भाव सांगतो मी,
आणि गिऱ्हाईक तिथनंही खाली उतरायला लागतं
विहिरीत उतरल्यासारखं.

गिऱ्हाईक आलं की आधी वाकतं.
मॅट उचलतं, वास घेतं.
"पुरातली न्हाई न्हवं?"
हा प्रश्न पहिला. किलोमीटर मागनं.
न्हाई, म्हणतो मी, राजारामपुरीत होती, चढाला,
पंचगंगेनं बोट लावलेलं नाही.
मग ते पोटाखाली बघतं, आणि तिथं खरचटलेलं असतं सगळं.
तात्या सुतार तिचा ड्रायव्हर,
प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घ्यायचा,
एक चाक, मग दुसरं,
गाभण म्हैस ओढ्यात उतरवावी तशी.
तरी घासायचीच.
हे रस्ते लांबीसाठी केलेलेच नाहीत.

शोरूमातला विश्वजित सांगतो,
वर्षात असल्या दोन गेल्या तर आम्ही पेढे वाटतो,
उंचवाल्यांना मात्र नंबर लावावा लागतोय.
लोकांना वरनं बघायचंय रस्त्याकडं.
मला वाटतं, तसं नाही.
लांबी म्हणजे मागं बसणारा माणूस.
पाय पसरून, पेपर अर्धा वाचून, गप्प बसणारा.
तो संपत आला.
आता ज्याची गाडी तोच स्टिअरिंगवर,
फोनवर ओरडत, एका हातानं.

भूपालअण्णा चौगुल्यांची ही.
थोरल्यानं उंच घेतली, म्हणाला, पाण्यातनंसुद्धा जाते.
अण्णांचे गुडघे तिच्या पायरीवर जात नाहीत,
पाणी राहू दे.
त्यांना घरात झोप नव्हती, तीस वर्षं.
फौंड्रीपासून घरापर्यंत अठरा मिनिटं,
तेवढीच लागायची, डावीकडं, मागं, काचेला डोकं टेकून.

बेस्तरवारी दुपारी येतात. रिक्षानं.
रिक्षावाल्याला लांब थांबवतात, का ते मी विचारलेलं नाही.
मागचं दार उघडतो मी. ते दार उघडतानाही आवाज करत नाही,
एवढं एक तिच्यात अजून नवं आहे.
इंजिन चालू ठेव म्हणतात, एसी नको.
मी पुढं बसतो. हात कुठं ठेवावेत कळत नाही,
म्हणून स्टिअरिंगवर ठेवतो.
डिझेलची चिठ्ठी मी चाचणीच्या खात्यात लावतो.

परवा इचलकरंजीचा मंडपवाला आला.
नवरदेवासाठी भाड्यानं लावणार होता,
पिशवीत रोख, घासाघीस न करता.
वाकला, मॅट उचलली, वास घेतला.
विचारलं.
होती, म्हटलं मी.
एकोणीसच्या पुरात, दाराच्या कडीपर्यंत.
वायरिंगमधनं अजून गाळ निघतो.

त्यानं मॅट खाली सोडली, तिच्यावरनं हात झटकले.
मालक आत बशीत चहा ओतत होता,
त्याला फक्त गेलेल्या गिऱ्हाइकाची पाठ दिसली.
वीस वर्षांच्या धंद्यात
चांगल्या गाडीला वाईट म्हणायची ही पहिली वेळ.
रात्री जेवताना घरात सांगितलं नाही.

आज बेस्तरवार.
हायवेवरनं ट्रक गेला, काचा हलल्या,
अण्णांनी डोळे न उघडता विचारलं, "तात्या, आलं?"
तात्याला जाऊन दोन वर्षं होतील चैत्रात.
"अजून तावडे हॉटेल, अण्णा," मी म्हटलं.
तसं खोटं नाही, जवळच आहे ते इथनं.
ते पुन्हा घोरायला लागले.
मी आरशात बघितलं नाही.
गिअर न्यूट्रलला होता, तरी
समोरचा पत्रा, सव्वीस उंच गाड्या, उसाची एक ट्रॉली
हळूहळू मागं जात होत्या.